खुंटीवरचा कॅलिपर खाली काढायचा का?

राळेगाव तालुक्यातल्या एका गावाहून एका भाऊंनी विचारलं आहे. वय ४६. दोन वर्षांचे असताना ताप आला, सुई दिली, आणि डावा पाय गेला. तो पोलिओ होता. तेव्हापासून डाव्या हातानं मांडी दाबत चालतात. घराच्या ओसरीत किराण्याचं दुकान, शिवाय चार एकर वावर. चार वर्षांपूर्वी शिबिरात मांडीपासून बुटापर्यंतचा लांब कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, मिळाला. पंधरा दिवस घातला आणि खुंटीला टांगला. यंदा दोनदा पडले, एकदा ताज्या सारवलेल्या अंगणात, एकदा एसटीतून उतरताना. आता उजवा, म्हणजे चांगला गुडघा दुखतो, आणि दुपार होईस्तोवर अंगातलं त्राण जातं. वडिलांची जुनी काठी आहे, ती डाव्या हातात धरतात. मोठे भाऊ म्हणतात, "व्यायाम वाढव, लोखंडाची सवय लावली तं पाय आणखी वायेल." विचारणं एवढंच की कॅलिपर घालू का, काठी कोणत्या हातात धरू आणि वावरात जाऊ का.

भाऊ, मी २७ वर्षं कॅलिपर आणि बूट बनवतो आहे. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: हातानं मांडी दाबत चालणं. तिथूनच सुरू करतो.

मांडीच्या पुढचा मोठा स्नायू गुडघा ताठ ठेवतो. तो गेला की पायावर वजन येताच गुडघा पुढं दुमडतो. लहान मूल हे कुणी न शिकवता ओळखतं आणि हात मांडीवर ठेवून गुडघा मागं ढकलतं. म्हणजे तुमचा डावा हात ४० वर्षं तुमचा कॅलिपरच आहे. त्याची किंमत तुम्ही भरली आहे. प्रत्येक पावलाला कंबर पुढं वाकते, मणका वळतो, मनगट आणि खांदा झिजतो, आणि हात कायम अडकलेला. दोन किलो साखरेची पिशवी घ्यायची तर उजव्याच हातात, मग काठी धरायला, मांडी सोडून, डावाच उरतो. काठी चुकीच्या हातात का गेली, याचं उत्तर बहुतेक इथंच आहे.

लांब कॅलिपर गुडघ्याला कुलूप लावतो आणि तुमचा डावा हात मोकळा करतो. पाय सुधारावा म्हणून तो घालायचा नसतो. मेलेला स्नायू त्यानं जिवंत होत नाही. तसा तो वाळतही नाही, हे मोठ्या भाऊंना सांगा. मांडीचा तो स्नायू चालवणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी पोलिओनं तेव्हाच मारल्या. ज्या स्नायूचं काम मुळात होतच नाही, त्याची सवय मोडायची भीती कसली?

आता तो खुंटीवर का गेला ते बघू. "आळस केला, साहेब," असं लोक मला ओशाळून सांगतात. माझ्या अनुभवात आळस क्वचितच असतो. खुंटीवरच्या बहुतेक कॅलिपरमागं दोनच कारणं असतात, एक मापाचं आणि दुसरं उंबरठ्याचं.

मापाचं आधी. शिबिरात माप एका दिवशी घेतात, वस्तू काही महिन्यांनी हाती येते. ती अंगाला लावून, चालवून, परत ठोकून-वाकवून द्यायला हवी, ते राहून जातं. तुम्ही घरीच चार गोष्टी तपासा. खुर्चीच्या कडेवर बसून कॅलिपर चढवा. त्याचा गुडघ्याचा सांधा तुमच्या गुडघ्याच्या सांध्यासमोर आला पाहिजे. तो वर-खाली असेल तर उठताना-बसताना अख्खा कॅलिपर पायावर घासत सरकतो, आणि हेच "टोचते" म्हणून सांगितलं जातं. मांडीचा वरचा पट्टा आतल्या बाजूनं जांघेच्या दोनेक बोटं खाली थांबायला हवा. त्याहून वर असेल तर जांघ सोलते. पोटरीचा पट्टा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जे हाडाचं टोक हाताला लागतं, त्याच्यावर किंवा त्याच्या लगेच खाली नको. तिथून एक नस अगदी कातडीखालून जाते. पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येत असतील तर पट्टा त्याच नसेवर बसला आहे, तो दिवस घालायचा नाही. चौथं, तासभर घालून काढल्यावर कातडी पाहा. लाल वळ अर्ध्या तासात गेला तर ठीक. त्यानंतरही राहिला तर तिथं दाब जास्त आहे आणि कॅलिपर दुरुस्तीला न्यायचा. पोलिओत कातडीची जाणीव शाबूत असते म्हणून तुम्हाला टोचतं तरी, ही चांगलीच गोष्ट आहे. कुष्ठरोगानं किंवा मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांना काहीच कळत नाही. त्यांनी रोज रात्री आरशात तळवा पाहिल्याशिवाय झोपू नये.

सुरुवात अर्ध्या-एक तासापासून करा आणि रोज थोडं वाढवा. पहिल्याच दिवशी लग्नाला घालून गेलेले लोक दुसऱ्या दिवशी तो खुंटीला टांगतात.

उंबरठ्याचं कारण मात्र कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं. आपल्याकडं घरात जोडे नेत नाहीत. कॅलिपरला बूट जोडलेला असतो. म्हणजे दारात आलं की एकतर बुटासकट घरात जायचं आणि आईचं तोंड वाकडं झालेलं बघायचं, नाहीतर ओसरीवर बसून सगळे पट्टे सोडायचे आणि पाणी प्यायला मांडी दाबत आत जायचं. दिवसातून दहा वेळा हे कोण करणार? माझ्याकडं आलेल्या एका मावशी स्पष्टच म्हणाल्या होत्या, "चुलीपाशी बूट घालून जाऊ का मी?" मला त्यांच्याशी वाद घालता आला नाही. त्यांना मी प्लास्टिकचा, पावलाखाली पातळ तळ असलेला कॅलिपर करून दिला, जो कुठल्याही बुटात बसतो. घरात वापरायला बुटाचा एक वेगळा, कधीच बाहेर न गेलेला जोड ठेवला. तुमचा पाय आखूड असणार, बहुतेकांचा असतो, त्यामुळं नुसता प्लास्टिकचा तळ घेऊन अनवाणी फिरलात तर कंबर एका बाजूला कलेल. घरातल्या जोडालाही बाहेरच्याइतकाच तळ वाढवून घ्या. आणि घरच्यांना एकदा सांगून टाका की हा जोडा नाही, हा पाय आहे.

तळ किती वाढवायचा, इथं मोची आणि कधीकधी डॉक्टरही चुकतात. पाय चार सेंटिमीटर आखूड असेल तर पूर्ण चार भरायचे नाहीत. गुडघा कुलपात ताठ असतो, पाऊल पुढं टाकताना तो दुमडत नाही, त्यामुळं एक-दीड सेंटिमीटर कमी ठेवला तरच बोटं जमिनीला न घासता पाय पुढं जातो. सगळी उंची भरली की माणूस ठेचकाळतो आणि दोष कॅलिपरला देतो.

एक माझी चूक सांगतो, कारण ती तुमच्याही बाबतीत कुणी करू शकेल. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शिवणकाम करणारी ताई आली. चवड्यावर चालायची, टाच जमिनीला टेकत नव्हती. मी नवा उत्साही, पुस्तकात पाऊल काटकोनात हवं असं लिहिलेलं. घोट्यापर्यंतचा छोटा कॅलिपर केला आणि पाऊल नीट काटकोनात बसवलं. आठ दिवसांनी ती परत आली. "भाऊ, आधी मी कधी पडत नव्हती. तुमच्या बुटानं पडायला लागली." तिचा चवडा खाली झुकलेला होता म्हणूनच तिचा कमजोर गुडघा मागं ढकलला जाऊन ताठ राहत होता. मी तो आधार काढून घेतला होता. टाचेखाली चढ दिला, पाऊल परत थोडं झुकतं केलं, आणि ती पूर्ववत चालायला लागली. तेव्हापासून पोलिओचा पाय सरळ करण्याआधी मी तो वाकडा का झाला हे आधी बघतो. तुमचाही चवडा झुकलेला असेल आणि कुणी ऑपरेशननं टाचेची शीर लांब करू म्हणालं, तर गुडघ्याचं काय होईल हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

काठी. तुमचा डावा पाय कमजोर, म्हणून काठी उजव्या हातात. हे उलटं वाटतं, म्हणून कारण सांगतो. डाव्या पायावर उभं राहिलं की कंबरेचा उजवा भाग खाली लोंबतो आणि धड डावीकडं झोल खातं. उजव्या हातातली काठी तो उजवा भाग उचलून धरते आणि दोन टेकूंमधली जागा रुंद होते. डाव्या हातातली काठी डाव्या पायाच्या शेजारीच टेकते, दोन्ही टेकू एकाच बाजूला, आणि तुम्ही डावीकडं आणखी झुकता. काठी आणि डावा पाय एकदम पुढं, मग उजवा पाय. पहिले आठ दिवस डोकं गोंधळतं. दुकानात गल्ल्यापासून तेलाच्या डब्यापर्यंत भिंतीच्या कडेनं सराव करा, रस्त्यावर नको. कॅलिपरचं कुलूप लागलेलं असेल तरच हे जमेल, कारण कॅलिपरशिवाय डावा हात परत मांडीवर जाणार आणि दोन्ही हात अडकणार.

वडिलांची काठी ठेवा, पण मापात आणा. बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाची घडी जिथं येते तिथं काठीची मूठ. धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं. आपल्याकडच्या काठ्या बहुधा छातीपर्यंत लांब असतात. गुराख्याची लांब काठी तोल सांभाळायला आणि गवतात साप हुसकायला बरी, पण तिच्यावर वजन टाकता येत नाही. नवी करायची तर मानवेल जातीचा भरीव बांबू घ्या, पोकळ नको, पेराशी फाटतो. खाली रबरी बूच हवंच. त्याच्या तळावरच्या गोल रेषा झिजल्या की बदला. सारवलेल्या ओल्या अंगणात नागडी काठी बर्फावर टेकल्यासारखी सरकते, आणि तुमचं पहिलं पडणं मला त्यातलंच वाटतं. चार पायांची काठी लोक हौसेनं घेतात. ती दवाखान्याच्या फरशीवरच ठीक. उंचसखल जमिनीवर तिचा एक पाय नेहमी हवेत असतो.

एसटीचं दुसरं पडणं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि कमजोर पाय आधी. एसटीची पहिली पायरी उंच असते, त्यामुळं उतरताना लोक घाबरून चांगला पाय आधी टाकतात. मग अख्खं शरीर खाली उतरवायचं काम वर राहिलेल्या डाव्या गुडघ्यावर पडतं, आणि त्याला तर जोरच नाही. कॅलिपर घालून प्रवास करत असाल तर सीटवर बसल्यावर दोन्ही बाजूंच्या कड्या वर उचलून कुलूप सोडा, आणि तुमचा फाटा यायच्या आधीच पाय लांब करून कुलूप लावून घ्या. दोन्ही कड्या खाली बसल्या का, हातानं चाचपा. गाडी थांबल्यावर, कंडक्टर घाई करत असताना एकच कडी बसते आणि माणूस उभा राहतो. असे पडलेले मी तीन तरी पाहिले आहेत.

वावराबद्दल मी तुम्हाला गोड बोलणार नाही. मृगात, काळ्या मातीत, एक पाऊल टाकलं की बुटाला दोन किलो चिखल चिकटतो. कॅलिपरचं स्वतःचं वजन त्यात धरा. गुडघा दुमडत नाही, त्यामुळं तो अख्खा भार कंबरेनं उपसावा लागतो. काठीचं बूच चिखलात रुतून बसतं, ओढायला गेलं की तोल जातो. पावसाच्या दिवसांत बैलगाडीनं किंवा कुणाच्या गाडीवर पांदणीनं धुऱ्यापर्यंत जा, कडुनिंबाखाली बसून डवरणी, निंदण बघा, आत उतरू नका. दिवाळीनंतर जमीन टणक झाली की कपाशीच्या ओळींतून कॅलिपर घालून फिरता येतं. फक्त भेगांवर नजर ठेवा, काठीचं टोक भेगेत गेलं की हाताला झटका बसतो. वावरातून आल्यावर पट्टे पाहा. चिकटपट्टीत (व्हेल्क्रोत) कुसळं आणि कापसाचे तंतू भरतात, महिन्याभरात ती पकडेनाशी होते. जुन्या दात घासायच्या ब्रशनं ती साफ करा, नाहीतर चामड्याचे बकलवाले पट्टे लावून घ्या. शेतकऱ्यांना मी आता तेच देतो. कुलपात धूळ बसते, तिथं आठवड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. ओला प्लास्टिकचा कॅलिपर चुलीशी वाळवू नका. एकानं वाळवला, टाचेची वाटीच गेली. मे महिन्यात आतून लांब सुती मोजा घालायचा आणि दुपारी तो बदलायचा. ४५ अंशात घामानं कातडी मऊ पडते आणि मग सोलते.

जेवायला, पूजेला खाली बसायचं असेल तर कॅलिपर काढून बसा, त्यात कमीपणा नाही. संडासात मात्र भिंतीला लोखंडी पाइपचा दांडा पक्का करून घ्या आणि मधे भोक असलेली खुर्ची ठेवा. घरात सगळ्यात जास्त पडणं तिथं आणि न्हाणीत होतं.

आता थकवा, आणि हा भाग मोठ्या भाऊंना वाचून दाखवा. मज्जारज्जूतल्या ज्या पेशी पोलिओतून वाचल्या, त्यांनी शेजारच्या अनाथ झालेल्या स्नायूंना फांद्या टाकून सांभाळलं. एका गड्यानं चार गड्यांचं काम तीस-चाळीस वर्षं ओढावं, तसं. मग त्या फांद्या झडायला लागतात. नवा कमजोरपणा, दुपारी गळून जाणं, थंडी सहन न होणं, कधी ज्या पायाला पोलिओ झालाच नाही असं वाटत होतं तोही दुखणं. याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. आजार परत आलेला नसतो आणि घरातल्या कुणाला लागत नाही. पण तसं ठरवण्याआधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, थकव्याची साधी कारणं आधी निघून जाऊ द्या. आणि "व्यायाम वाढव" हे इथं उलट पडतं. दंड-बैठका मारून ती वाचलेली पेशी आणखी लवकर थकते. हलका व्यायाम चालतो, दमायच्या आधी थांबायचा. आजच्या कामाचा थकवा उद्या सकाळीही अंगात असेल तर काल जास्त झालं, एवढं माप पुरे. दुकानात उंच स्टुलावर बसून माल द्या. दुपारी अर्धा तास आडवे व्हा, थकल्यावर नाही, त्याच्या आधी. लांबच्या पल्ल्याला बाजूच्या दोन चाकांची स्कूटर वापरली तर चालणं सुटतं असं समजू नका. वाचवलेली पावलं घरात आणि दुकानात कामी येतात.

उजवा गुडघा इतकी वर्षं दोघांचा भार वाहतो आहे, त्याच्यासाठी वेगळं औषध शोधण्याआधी डाव्या पायानं त्याचा वाटा उचलायला हवा. कॅलिपर नियमित सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी तो किती दुखतो ते मला कळवा. आणि पडलात तर घाईनं कुणाला ओढून उठवू देऊ नका. पोलिओच्या पायाचं हाड बारीक आणि ठिसूळ असतं, साध्या पडण्यानंही मोडतं. पायावर वजन टाकवत नसेल तर आधी एक्स-रे.

एक आडवी गोष्ट. "सुई दिली आणि पाय गेला" असं तुम्ही लिहिलंत, ते मी शेकडो आयांकडून ऐकलं आहे. त्यात तथ्य असू शकतं: पोलिओच्या तापात स्नायूत इंजेक्शन दिलं तर त्या पायाला लकवा येण्याची शक्यता वाढते, हे वैद्यकशास्त्रात नोंदलेलं आहे. तेव्हा तापानं फणफणलेल्या मुलाला सुई देणाऱ्याला आणि द्यायला लावणाऱ्या आईला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. तुमच्या आई हयात असतील तर त्यांना हे जरूर सांगा. आपल्याकडं पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झाला, देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. याचा एक परिणाम असा की माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांनी पोलिओचा नवा पाय पाहिलेलाच नाही. तुमच्या वयाच्या लोकांना पुढची तीस वर्षं कॅलिपर लागणार आहेत, आणि ते बनवणारे हात कमी होत आहेत. लोक तर माझ्याकडं येऊन "जयपूर फूट द्या" म्हणतात. तो कापलेल्या पायाच्या जागी बसवायचा असतो, तुमचा पाय तर आहे.

नवा कॅलिपर लागलाच तर केंद्राच्या एडिप योजनेत, म्हणजे अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेत, मिळू शकतो. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला हवा, आणि त्याच वस्तूसाठी मागच्या तीन वर्षांत मदत घेतलेली नसावी. तुमची चार झाली आहेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, नसेल तर ते आधी काढा, एसटीच्या सवलतीपासून सगळीकडं तेच विचारतात. तपासायला यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, वर्ध्याजवळचं सेवाग्राम किंवा सावंगीचं रुग्णालय, जे सोयीचं पडेल तिथं जा. तिन्हीकडं अस्थिरोग आणि फिजिओथेरपीचे विभाग आहेत. माप घेणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा की बसवायला आणि दुरुस्त करायला परत कधी बोलावणार. तारीख देत नसेल तर माप देऊ नका.

जाताना खुंटीवरचा कॅलिपर आणि रोजची जुनी चप्पल, दोन्ही पिशवीत घाला. चप्पल धुऊ नका, शिवू नका, पॉलिश तर मुळीच नको. टाच कुठल्या बाजूनं झिजली आणि चवडा कुठं घासला हे त्या तळावर जसं दिसतं, तसं तुम्हाला दहा पावलं चालवूनही दिसत नाही.